कॅलिफोर्नियात घरविक्रीचा परवाना काढायचाय? आधी ईएडी बघा

ताई, पुण्यात सहा वर्षं रिसेल फ्लॅटचं काम केलंय, महारेराची परीक्षाही पास आहे, आता नवऱ्याबरोबर एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात येतेय, तर इथे एजंट होता येईल का, असं तुम्ही विचारलंत. होता येईल. मी मूळची नाशिकची, आठ वर्षं इथे हेच काम करतेय.

पण आधी ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी. एच-४ वर ती आपोआप मिळत नाही. साधारणपणे नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असावा लागतो, मग तुम्ही अर्ज करायचा. परवाना देताना राज्य नागरिकत्व विचारत नाही, म्हणून काहीजणींना वाटतं की परवाना आला, झालं काम. तसं नाही. परवाना राज्याचा, कामाची परवानगी केंद्राची. व्हिसाच्या वकिलाशी बोलल्याशिवाय पुढचे पैसे खर्च करू नका.

अभ्यास मात्र थांबवायची गरज नाही. ४५ तासांचा एक असे तीन विषय, एकूण १३५ तास, घरबसल्या ऑनलाइन होतात. प्रत्येक विषयाला किमान अडीच आठवडे द्यावेच लागतात, त्यामुळे रात्रंदिवस बसलात तरी दोन महिने धरा. दोन विषय ठरलेले असतात, तिसरा आपण निवडायचा. मी फायनान्स घेतला आणि तुम्हीही तोच घ्या, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न कर्जाचाच विचारतं. मग राज्याची परीक्षा: १५० प्रश्न, ३ तास, ७० टक्क्यांना पास. बोटांचे ठसे द्यायचे. परवाना ४ वर्षांचा. महारेराची इथे काहीही सूट नाही. सातबारा, इंडेक्स-टू, सोसायटीची एनओसी हे सगळं विसरून एस्क्रो (व्यवहाराचे पैसे आणि कागद तिऱ्हाइताकडे ठेवणं), लीन (घरावरचा कर्जाचा किंवा थकबाकीचा बोजा), ईझमेंट (दुसऱ्याच्या जागेतून जाण्या-वापरण्याचा हक्क) नव्याने शिकावं लागतं.

आपल्याकडे एजंट आणि ब्रोकर एकच. इथे तुम्हाला मिळतो तो सेल्सपर्सनचा परवाना, आणि काम ब्रोकरच्या हाताखालीच करायचं. कमिशन ब्रोकरकडे जातं, तो आपला वाटा ठेवून उरलेलं तुम्हाला देतो. गिऱ्हाइकाकडून परस्पर एक डॉलरही घ्यायचा नाही. स्वतः ब्रोकर व्हायला दोन वर्षांचा अनुभव, आठ विषय आणि ७५ टक्क्यांची वेगळी परीक्षा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. माझं पहिलं गिऱ्हाईक पुण्याचंच एक जोडपं. गाडीत बसल्या बसल्या वहिनींनी विचारलं, "इथे आपली माणसं राहतात ना हो?" कोथरूडमध्ये हा किती साधा प्रश्न! मी "हो, भरपूर" म्हणणार होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या ब्रोकरने विषय बदलला. नंतर तिने समजावलं: वंश, धर्म, मूळ देश बघून कुणाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून लांब ठेवणं हा १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याचा भंग आहे, भले गिऱ्हाइकाने स्वतः विचारलेलं असो. तेव्हापासून मी एवढंच म्हणते, "संध्याकाळी इथे एक फेरी मारा, तुम्हीच बघा." जाहिरातीत "फक्त फॅमिलीसाठी" हे आपलं नेहमीचं वाक्यही इथे चालत नाही. तुमच्या सहा वर्षांच्या सवयीत हेच सगळ्यात जड जाईल.

ऑगस्ट २०२४ पासून आणखी एक बदल झालाय. एमएलएसवरचं (एजंटांच्या सामायिक ऑनलाइन यादीतलं) घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, त्यात तुमचं कमिशन स्पष्ट लिहून. ओळखीच्या माणसापुढे तो कागद ठेवायला मला अजूनही अवघड जातं, पण ठेवते.

पगार नसतो. एमएलएसची वर्गणी, विमा, पेट्रोल, स्वतःचा कर, सगळं आपल्यालाच बघायचं. माझा पहिला व्यवहार पूर्ण व्हायला सात महिने लागले, तेवढी शिल्लक बाजूला ठेवूनच या. आणि ईएडी हातात पडेपर्यंत नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणाला "सहज म्हणून"सुद्धा घर दाखवायला जाऊ नका.