गाडी लागते, हे भूलतज्ज्ञाला सांगितलंत का?

प्रश्न : वय ४४. पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आहे. मागे अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दिवसभर उलट्या झाल्या. घरचे म्हणतात, उपाशीपोटी पित्त झालं असेल. या वेळी आधीच पित्ताची गोळी घेऊ का? मला मधुमेह आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पित्ताच्या गोळीने आम्ल कमी होतं, भुलीनंतरची उलटी थांबत नाही. भुलीचे वायू आणि फेंटानिल, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतात, तिथून ती येते.

भूलतज्ज्ञ चार गोष्टी मोजतात : रुग्ण स्त्री आहे, सिगारेट ओढत नाही (हो, ‘नाही’च!), पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्यात किंवा गाडी लागते, आणि नंतर अफूवर्गातलं (फेंटानिल, ट्रामाडॉलसारखं) वेदनाशामक लागणार आहे. यांतलं एकही नसेल तर धोका साधारण १० टक्के, चारही असतील तर ८० च्या आसपास. तुमच्या दोन (पूर्वीच्या उलट्या आणि नंतरचं वेदनाशामक) तर बहुधा आत्ताच भरल्या. पण उलट्यांचा हा इतिहास तपासणीच्या वेळी बरेच जण सांगतच नाहीत.

तो कळला की औषध उलटी होण्याआधी दिलं जातं, तेही एकच नाही. झोप लागल्या लागल्या डेक्सामेथासोन ४ ते ८ मिलिग्रॅम. त्याचा असर सावकाश होतो आणि जागेपणी भरभर दिलं तर जांघेत विचित्र खाज सुटते. ऑपरेशन संपत आलं की ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. डेक्सामेथासोनने साखर दिवसभर चढू शकते, म्हणून तुमच्या बाबतीत मात्रा कमी ठेवायची की दुसरं औषध निवडायचं, हे आधी ठरवून घ्या. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल आणि टाक्यांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन शक्य आहे का, तेही विचारा.

एवढं करूनही वॉर्डात उलटी झाली, तर सहा तासांच्या आत पुन्हा ऑन्डान्सेट्रॉन देऊन फारसं साधत नाही. वेगळ्या गटातलं औषध लागतं. त्याआधी रक्तदाब, वेदना आणि पोटफुगी पाहायला हवी.

रात्रभर कोरडं राहायची गरज नसते. हलका नाश्ता सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत सहसा चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत. पण जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामं होतं. मधुमेह-वजनासाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर आणखीच. त्यामुळे तुमच्या वेळा भूलतज्ज्ञच ठरवतील.

शुद्धीवर आल्यावर नातेवाइकांच्या आग्रहाखातर गटागटा पिऊ नका, झटकन उठूनही बसू नका. मळमळलं तर कुशीवर वळा आणि सिस्टरना लगेच सांगा.