एकदा हरलेला डाव संगणक लक्षात ठेवतो का?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. घरच्या संगणकावरील जुन्या बुद्धिबळ प्रोग्रामला मी सिसिलियन बचाव नावाच्या सुरुवातीने 24 खेळ्यांत हरवले. दुसऱ्या दिवशी त्याच खेळ्या केल्या, तेव्हा त्याने 9व्या खेळीलाच वाट बदलली. मोबाइलवर कमी पातळीला लावलेला प्रोग्राम मात्र एकाच सापळ्यात तीनदा सापडला. असे का?

उत्तर : आपल्या जुन्या प्रोग्राममध्ये शिकण्याची सोय असावी. अशा प्रोग्रामजवळ सुरुवातीच्या खेळ्यांचा संग्रह, म्हणजे ओपनिंग बुक, असतो आणि ज्या वाटेने डाव बिघडला तिचे वजन तो कमी करतो. त्यामुळे पुढच्या वेळी ती वाट निवडली जाण्याची शक्यता घटते.

खरी अडचण पुढे आहे, कारण डाव ज्या खेळीला हातचा गेला ती आणि तो गेल्याचे ज्या खेळीला कळले ती, या दोन वेगळ्या असतात. समजा, 15व्या खेळीपर्यंत संगणक स्थिती समसमान मानत होता आणि 20व्या खेळीला त्याला अचानक आपण तीन प्याद्यांनी मागे आहोत असे दिसले. चूक त्यापूर्वीच होऊन गेली होती, पण ती त्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे होती. म्हणून रॉबर्ट हयात यांच्या ‘क्राफ्टी’सारखे प्रोग्राम ती स्थिती, तिचे मूल्यमापन आणि ते किती खोल शोधून मिळाले, हे सारे फाइलमध्ये लिहून ठेवतात. पुढच्या डावात दहा चाली अलीकडून शोध घेताना ती स्थिती पुन्हा समोर आली आणि तिचे मूल्यमापन पूर्वी बारा चाली खोल जाऊन केलेले असले, तर संगणकाला त्या वाटेवर एकूण बावीस चालींपलीकडचे आयते कळते आणि तो वेळीच मागे फिरतो. हीच युक्ती आर्थर सॅम्युएल यांनी 1959 मध्ये चेकर्स या खेळासाठी मांडली होती, आणि मला ती आजही अतिशय सुंदर वाटते. तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी : एखादे प्यादे वेगळ्या घरात असले, तर ती स्थिती फाइलमधल्या स्थितीशी जुळत नाही. संगणकाने स्थिती पाठ केलेली असते, तिच्यातील तत्त्व नव्हे.

मोबाइलवरील बहुतेक प्रोग्राम आपल्याशी खेळताना काहीच साठवत नाहीत. त्यांचे शिकणे आधीच, कारखान्यातच झालेले असते. 2017 मध्ये जाहीर झालेला अल्फाझीरो हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून तयार झाला. स्टॉकफिश या दुसऱ्या बुद्धिबळ प्रोग्राममध्ये 2020 पासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून आधीच शिकवलेली गणिती रचना, आहे; तेही खेळताना बदलत नाही.

तथापि, एका डावावरून निष्कर्ष काढू नये. अनेक प्रोग्राम संग्रहातील खेळी यदृच्छेनेही निवडतात. सेटिंगमध्ये ‘लर्निंग’ बंद करून तोच डाव पाच-सहा वेळा खेळावा, मग ते चालू करून तितक्याच वेळा खेळावा आणि दोन्ही वेळचे डाव वहीत लिहून ताडून पाहावेत. ‘लर्निंग’ बंद असतानाही वाट 9व्या खेळीला बदलत असेल, तर तो यदृच्छेचा भाग होय.