मुलगी बारमध्ये नोकरी करते म्हणते, काय करू?

हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वरचेवर येतो. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुली आता किचन किंवा रिसेप्शन सोडून बार काउंटरचं काम मागून घेतात. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात त्या कामाला मान आहे, पगार बरा आहे, शिकायलाही खूप आहे. आईवडील विचारतात, ती सुरक्षित राहील का? मुलीच्या मनातही तेच असतं, पण घरी भांडून नोकरी घेतलेली असल्यामुळे ती ते बोलून दाखवू शकत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या न बोलण्याची वाटते, म्हणून ही केस सांगते. मुलगी आणि तिची आई, दोघींची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला मीरा म्हणू.

मीरा 24 वर्षांची. तासगाव तालुक्यातलं गाव, घरची द्राक्षबाग, आई अंगणवाडी सेविका. पुण्यातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये बारटेंडर म्हणून तिची निवड झाली आणि आई तडक पुण्याला आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं बार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. आबांनी ते सगळं बंद केलं तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता."

आबा म्हणजे आर. आर. पाटील. 2005 साली गृहमंत्री असताना त्यांनी राज्यातले डान्स बार बंद केले, आणि ते तासगावच्याच अंजनीचे. या आईच्या मनातला 'बार' त्या काळच्या बातम्यांतून तयार झालेला होता, आणि तिच्या जागी कुणीही असतं तरी तसंच झालं असतं. काउंटरमागे उभं राहून मोजून पेग ओतणं, सरबतं बनवणं, साठ्याचा हिशेब ठेवणं हे वेगळं काम आहे, हे मीरानं तिला मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. मी एका निकालाची भर घातली. पंजाबच्या जुन्या अबकारी कायद्यात, जिथे दारू प्यायली जाते अशा ठिकाणी बायकांना कामावर ठेवायला बंदी होती. सुप्रीम कोर्टानं 2007 मध्ये ती रद्द ठरवली. संरक्षणाच्या नावाखाली बाईला कामापासून लांब ठेवू नका, तिला सक्षम करा, असं त्या निकालाचं म्हणणं आहे. आईनं नीट ऐकून घेतलं. भीती मात्र होती तिथंच होती, आणि निकाल ऐकून भीती जात नसते.

मग मी दोघींना वेगवेगळे कागद दिले. वाटणारी भीती एकेक करून लिहा, म्हटलं. 'काहीतरी वाईट होईल' असं मोघम चालणार नाही. आईच्या कागदावर चार गोष्टी आल्या: रात्री घरी कशी येणार, कुणी हात धरला तर, हिलाच दारूची सवय लागली तर, आणि पुढं लग्न कसं जमणार. पहिल्या तीन भीतींवर काम करता येतं. चौथीबद्दल मी स्पष्ट बोलले. ताई, ही सुरक्षिततेची भीती नाही, लोक काय म्हणतील याची आहे. तिच्यावर स्वतंत्र बोलू, पण तिचं ओझं मुलीच्या पहिल्या आठवड्यावर टाकू नका.

मीराच्या कागदावर एकच ओळ होती. 'काही झालंच तर घरी सांगायची सोय नाही.'

आई बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "सांगितलं तर पहिलं वाक्य येणार, तरी मी म्हणत होते. आणि दुसरं, सोड ती नोकरी." घरच्यांच्या मनाविरुद्ध काही निवडलेल्या मुली इथंच एकट्या पडतात. त्रास देणारी माणसं असा एकटेपणा चटकन ओळखतात. म्हणून आम्ही कामाच्या ठिकाणचं काहीही ठरवण्याआधी घरचं ठरवलं. मीरानं काहीही घडलं तरी त्याच दिवशी सांगायचं. आईनं ऐकताना तीनच प्रश्न विचारायचे: आत्ता कुठं आहेस? जवळ कोण आहे? मी काय करू? नोकरी सोडायचा विषय निदान दुसऱ्या दिवशीपर्यंत काढायचा नाही.

मी आईकडून त्याचा सराव करून घेतला. मी मीरा झाले आणि म्हणाले, "आई, एक गिऱ्हाईक आज फार त्रास देत होतं." आईच्या तोंडून क्षणात निघालं, "तरी मी म्हणत होते!" आणि ती स्वतःच तोंडावर हात ठेवून थांबली. डोळे भरून आले तिचे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बऱ्याच वेळानं "कुठं आहेस बाळा?" हे पहिल्यांदा आलं. तेव्हा मीरा खुर्चीतून उठून तिच्याशेजारी जाऊन बसली.

यानंतर कामाचं. रात्री घरी यायचा प्रश्न मीराच्या धाडसावर सोडायचा नव्हता. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. हा कायदा आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता, 2025 च्या दुरुस्तीनंतर तो वीस किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी लागू होतो. मीराच्या नेमणूकपत्रात वाहनाचा उल्लेखच नव्हता. ती मागायला लाजत होती, नवीन आहे म्हणून. मी म्हटलं, रुजू होण्याआधीच माग, आणि ईमेलनं माग. गाडी मिळाली. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती, असं मला आजही वाटतं.

मग नाही म्हणायचा सराव. गिऱ्हाईक खुशीत येऊन "एक तुझ्यासाठी पण, माझ्याकडून" म्हणतं, हे या कामात रोजचं. मीरानं पिशवीतून तिचा जिगर काढला, पेग मोजायचं ते दुतोंडी माप, एका बाजूला 30 मिलि, दुसऱ्या बाजूला 60. टेबलावर पाण्याचा जग ठेवला आणि ती ओतता ओतता बोलू लागली. "सॉरी सर, ॲक्च्युअली मला उद्या लवकर उठायचंय, आणि घरी पण..." प्रत्येक कारणाबरोबर हात थोडा हलायचा आणि पाणी मापाबाहेर सांडायचं. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो, मग दुसरं कारण शोधावं लागतं. शेवटी उरलं ते एवढंच: "ड्युटीवर मी घेत नाही, सर. तुमच्यासाठी पुढचं काय बनवू?" सॉरी नाही, खुलासा नाही. जिगर काठोकाठ भरला आणि थेंब सांडला नाही.

काही गोष्टी तिला तिथल्या सीनियर बारटेंडरनं शिकवल्या, त्या पटकन सांगते. बर्फाजवळ काच फुटली तर तुकडे वेचायचे नाहीत, सगळा बर्फ वितळवून टाकायचा आणि पेटी धुवायची, कारण बर्फात काच दिसत नाही. पायात घट्ट पकडीचे बंद बूट. स्वतःच्या पाण्याची बाटली झाकणाची, आणि नजरेआड झाली तर ते पाणी ओतून द्यायचं. लिंबाचा रस लागलेले हात धुतल्याशिवाय उन्हात जायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

वयाची खात्री करण्याबद्दल मात्र मीच आग्रह धरला. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा त्या मुलाला दारू देणाऱ्या ठिकाणच्या लोकांनाही अटक झाली होती. पुण्यात हे कुणी विसरलेलं नाही. ओळखपत्र मागितल्यावर वाद घालणारं गिऱ्हाईक आलं तर बारटेंडरनं एकटीनं वाद घालायचा नाही, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलवायचं. त्यासाठीची खूण पहिल्याच दिवशी ठरवून घे, असं मी मीराला सांगितलं.

आईच्या तिसऱ्या भीतीकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते ती सगळ्यात गंभीर. रात्री दीडला बार बंद होतो, आवराआवर होते, अंग थकलेलं असतं पण डोकं जागंच असतं. मग स्टाफ बसतो, कुणीतरी ग्लास पुढे करतं. तिथं बळजबरी नसते, आपलेपणा असतो, म्हणून नाही म्हणणं आणखी जड जातं. काही आठवड्यांनी मीरानंच विषय काढला: "एक घेतला की झोप लागते." हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. दारूनं डोळा लागतो, पण झोप तुटक होते, आणि मग झोपेसाठी एकाचे दोन होतात. आम्ही शिफ्टनंतरचा तो तास बदलला. निघण्याआधी पोटभर जेवण, गाडीत हेडफोन, खोलीवर गेल्यावर कोमट पाण्यानं अंघोळ, खिडकीला जाड पडदा. सहकाऱ्यांबरोबर बसायचं, पण लिंबू सोडा घेऊन. ज्यांना एवढ्यानं जमत नाही त्यांनी अपराधी वाटून घेत बसू नये, 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीत मोफत बोलता येतं.

आणि मग एके रात्री भीती होती ते घडलं. एक नेहमीचं गिऱ्हाईक बंद होण्याच्या वेळेला बाहेर पार्किंगमध्ये मीराची वाट बघत उभं राहिलं. सुरक्षारक्षकानं आत येऊन सांगितलं. मीरा बाहेर पडलीच नाही, कॅप्टनबरोबर थांबली, गाडी मागच्या दाराशी बोलावली आणि गाडीत बसल्यावर आईला फोन लावला. रात्रीचे पावणेदोन. आई झोपेतून उठून म्हणाली, "कुठं आहेस?" मग, "जवळ कोण आहे?" मग थोडं थांबून, "मी काय करू?" मीरा म्हणाली, "खोलीवर पोचेपर्यंत फोन चालू ठेव." आईनं ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, ते मोठं बिल करणारे पाहुणे आहेत, तू काही दिवस दुपारची शिफ्ट घे. हे मला मान्य नव्हतं. त्रास झाला तिनंच का हलायचं? 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मीरानं तारीख, वेळ, साक्षीदार लिहून अंतर्गत समितीकडे, म्हणजे या कायद्याखाली कामाच्या ठिकाणीच नेमलेल्या समितीकडे, तक्रार दिली आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगितलं. त्या माणसाचा प्रवेश बंद झाला आणि मीराची शिफ्ट तीच राहिली.

तुमची मुलगी दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करत असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढवून मिळते. प्रसंग अंगावर आला असेल त्या क्षणी मात्र समिती नाही, थेट 112 वर फोन.