चार वर्षांच्या मुलाला गादी कुठली घ्यायची, आणि तो साडेअकराच्या आत झोपणार कसा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा चार वर्षांचा, आता वेगळ्या कॉटवर झोपवायचाय, दुकानदार ऑर्थोपेडिक मेमरी फोम गळ्यात मारतोय, आणि पोरगं रात्री साडेअकराशिवाय झोपत नाही म्हणून सकाळी पावणेसातला शाळेसाठी उठवताना रोज रडारड. तुम्ही दोन्ही एकातच विचारलंय, म्हणजे गादी चांगली आली की झोप पण लागेल असं. तसं होत नसतंय हो. गादीनं पाठीला आधार द्यायचा, घाम आणि ओल धरायची नाही, एवढंच तिचं काम. झोप लावायचं काम घरातल्या मोठ्या माणसांचं.

आधी गादीचं सांगते, कारण पैसे तिथं जाणार आहेत.

ऑर्थोपेडिक हा शब्द ऐकून घाबरू नका आणि भुलू पण नका. त्या शब्दाची ठरलेली अशी व्याख्या नाही, जरा कडक गादी असली की लेबल लागतंय. बऱ्याचदा आत फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला बॉन्डेड फोम असतोय, तो कडक असतो, टिकतो पण, फक्त उचलून बघा, दोन माणसं लागतील. आपल्याकडं गादी उचलता येणं फार महत्त्वाचं, ते का ते खाली येतंच आहे. मेमरी फोम मुलाला नको असं माझं स्पष्ट मत. तो अंगाच्या उबेनं आणि वजनानं दबून आकार घेतो, चार वर्षांच्या पोराचं वजन पंधरा-सोळा किलो, त्यात तो काय दबणार. वर उष्णता धरून ठेवतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या थंडीत उलट घट्ट होऊन बसतो. दुप्पट पैसे देऊन हे कशाला?

आणि दुकानात आपण काय करतो, स्वतः बसून बघतो, छान वाटली म्हणून घेतो. आपल्याला मऊ वाटली ती गादी पोराला पुरेशी कडक असू शकते, कारण वजनच तेवढं. तेव्हा मुलाला घेऊन जा, चप्पल काढून त्याला कुशीवर पाच मिनिटं झोपवा आणि मागून पाठीचा कणा बघा. मानेपासून कमरेपर्यंत सरळ रेष दिसली तर बरोबर, कंबर खाली खचली तर मऊ, आणि कमरेखाली हात सहज आत जाण्याइतकी फट राहिली तर फारच कडक. मग तळहातानं जोरात दाबून सोडा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. दुकानदार डेन्सिटी सांगतील, बत्तीस, चाळीस वगैरे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो ते, त्यावरून गादी किती टिकेल ते कळतंय, कडक की मऊ ते नाही कळत. चाळीसची मऊ पण मिळते. मुलासाठी बत्तीसच्या वरची, हाताला घट्ट लागणारी, चार इंची पुष्कळ झाली. आठ इंची घेतली तर कॉटच्या कठड्याची उंची तेवढी कमी होते आणि पोरगं वरून खाली.

काथ्याची गादी पण चांगली, हवा खेळते, कडक असते. पण तुमचं पोरगं अजून रात्री अंथरूण ओलं करत असेल (या वयात करतात, पाच-सहा वर्षांपर्यंत त्यात काळजीचं काही नाही आणि चारचौघात त्यावरून हसू नका), तर काथ्यात मुरलेलं लवकर सुकत नाही आणि वास राहतो. मग फोम घ्या, वर चेनचं धुता येणारं कव्हर आणि त्याखाली वॉटरप्रूफ प्रोटेक्टर. जुनं मेणकापड नको, घाम येतो. आणि कंपनीचं प्लॅस्टिक तसंच ठेवून त्यावर चादर घालायची सवय आपल्या लोकांना लई आहे, ते पहिल्या दिवशी फाडून टाका, आत दमट धरतं आणि लहान पोरांच्या तोंडावर प्लॅस्टिक येणं धोक्याचं. नव्या फोमला वास येतो, दोन-तीन दिवस उघडी ठेवून मगच वापरा.

आता ते उचलण्याचं. बेळगाव-खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे पाहुणा. कणकुंबी-जांबोटीकडच्यांची तर बातच सोडा, तिथं कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. अशात फरशीवर थेट गादी टाकली की खालून ओल धरते, उलटी करून बघाल तर काळे ठिपके. मग पोराला सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, आणि आपण म्हणतो थंडी बाधली. दमट गादीत धुळीतले बारीक किडे वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण दमा-ॲलर्जीवाल्या पोरांना त्यांचाच त्रास. म्हणून फळ्यांमध्ये फटी असलेला कॉट घ्या, सकाळी गादी भिंतीला तासभर उभी करा, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि ऊन पडलं की गादी गच्चीवर. एकट्या बाईला जी उचलत नाही ती गादी वर्षभर जागची हलत नाही, हे लिहून घ्या.

सासूबाई कापसाची म्हणत असतील तर त्यांचं चूक नाही. पिंजाऱ्याकडून घट्ट भरून घेतलेली गादी झकास असते, फक्त दोन-तीन वर्षांत गोळे होतात, परत पिंजून घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती ओल पिते. ज्यांच्याकडं ऊन येणारी गच्ची आहे त्यांनी खुशाल करून घ्यावी. वरून वाकळ मात्र एकच, पोराला गुंडाळून घामाघूम करू नका, मानेमागं हात लावून बघायचं.

कुणाच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्यांचं वेगळं बरं का. गादी घट्टच, पाळणा आणि गादीत दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, बाळाला पाठीवरच झोपवायचं, आणि राळ्याची असो की मोहरीची, उशी नाही, सैल पांघरूण नाही.

आता झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. तुमचा साडेअकरा ते पावणेसात, सव्वासात तास झाले. दुपारचा दीड तास धरला तरी पावणेनऊ. म्हणजे पोरगं हट्टी नाही, त्याची झोप उधारीवर चाललीय.

सगळे रात्रीकडून सुरुवात करतात, नऊला दिवा बंद आणि दहापर्यंत मारामारी. तुम्ही सकाळकडून करा. उठायची वेळ रोज एकच, रविवारी पण फार तर अर्धा तास इकडंतिकडं, आणि उठल्यावर अंगणात नाहीतर खिडकीशी उजेडात न्या. दुपारी तासभरच, तीनच्या पुढं झोपू द्यायचं नाही. संध्याकाळी गल्लीत दमेपर्यंत पळू दे. पाचचा चहा बंद, कपबशीतला दोन घोट सुद्धा, आजोबा देतात ते मला माहीत आहे. मग साडेअकराचे सव्वाअकरा करा, दोन-तीन दिवसांनी अकरा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागं आणत नऊपर्यंत या. एकदम नऊ केलं तर तासभर लोळत पडेल आणि अंथरुणाचाच कंटाळा येईल.

खरा घोळ टीव्हीचा, एकत्र घर आहे म्हणालात. मामंजींची बातमी, जावेची मालिका, आणि पोराला जेवण मोबाईलवर. उजेडानं मेंदूतलं झोपेचं मेलाटोनिन दबतं आणि लहान पोरांत मोठ्यांपेक्षा जास्त. मामंजींना टीव्ही बंद करा म्हणणं सुनेला जड जातं, त्यापेक्षा त्यांनाच रोज रात्री गोष्ट सांगायची ड्युटी द्या, नातवासाठी नाही म्हणत नाहीत. जेवण आठला, दूध, दात घासणं, शू, छोटा दिवा, गोष्ट एकच, रोज त्याच क्रमानं. करंट गेला तरी क्रम तोच, उलट अंधारात लवकर झोपतात. रात्री उठून तुमच्याकडं आला तर न रागावता, जास्त न बोलता परत त्याच्या कॉटवर. पहिले काही दिवस दहा वेळा येईल, येऊ दे.

डासांना कॉइलचा धूर बंद खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

आणि एक बघा, झोपेत रोज मोठ्यानं घोरतो का, तोंड उघडं ठेवतो का, मधेच श्वास अडकल्यासारखा थांबतो का. तसं असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, गादी नंतर.

दुकानात जायच्या आधी कॉट आतून मोजा, बाहेरून नको. छोटी गादी घेऊ नका, दोन वर्षांत पाय बाहेर. बहात्तर बाय छत्तीस इंची सहज मिळते, कॉट सुताराकडून केला असेल तर मापानं करून देतात, त्याला पैसे आणि आठवडाभर जास्त. माप इथं टाकलात तर बघून सांगते.