महालक्ष्मी रेसकोर्सवर पाहिलेल्या घोड्याच्या कागदावर उंची १५.२ हँड लिहिली आहे. सेंटिमीटरमध्ये किती?

१५७.५ सेंमी. एक हँड म्हणजे ४ इंच, १०.१६ सेंमी. टिंबापुढचा आकडा दशांश नाही, सुटे इंच आहेत, म्हणून १५.३ नंतर थेट १६ येतो. कुठे १५.५ दिसलं तर लिहिणाऱ्याचाच घोळ समजा.

१५ × ४ + २ = ६२ इंच, गुणिले २.५४ = १५७.४८. कॅल्क्युलेटरवर सरळ १५.२ × १०.१६ केलंत तर १५४.४ येतं, म्हणजे घोडा ३ सेंमी बुटका! पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, ठरवणाऱ्या १४.२ हँडच्या मर्यादेपाशी (१४७.३ सेंमी) एवढा फरक महागात पडतो.

उंची डोक्यापर्यंत नव्हे, मान संपते तिथल्या खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. जमीन सपाट हवी, आणि नाल ठोकलेले असतील तर साधारण सेंटिमीटरभर जास्त भरते.