गारगोटीतले पिवळे कण: सोनं की पायराइट?

पांढऱ्या गारगोटीच्या भेगेत पिवळे, चमकणारे कण दिसले, ते सोनं असेल का आणि घरच्या घरी कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी चमकेवर विसंबणं सोडा. उन्हात पायराइट (लोह आणि गंधकाचं, सोन्यासारखं दिसणारं खनिज) आणि अभ्रक सोन्याहून जास्त झगमगतात. दगड सावलीत नेऊन हळूहळू फिरवा. अभ्रक एका कोनात लखलखतो, दुसऱ्या कोनात विझतो. सोन्याचा पिवळेपणा सावलीतही टिकतो.

मग भिंगाखाली धरून सुईचं टोक कणावर दाबा. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच परीक्षेवर आहे. सोन्याची कठीणता मोह्‌स मापनात (खनिजांच्या कठीणतेची १ ते १० अशी मोजपट्टी) २.५ ते ३. सुई रुतते, खळगा पडतो, कड वाकते, पण कण फुटत नाही. पायराइटची कठीणता ६ ते ६.५, ते सुईला दाद देत नाही आणि जोर लावला तर त्याचा काळपट चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. सुटा कण हाती आला तर झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासा: सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. आम्लाच्या भानगडीत घरी पडू नका.

घनतेचं म्हणाल तर शुद्ध सोन्याची पाण्याच्या १९.३ पट, पण निसर्गातल्या सोन्यात बहुधा चांदी असते, त्यामुळे ती १५-१६ पर्यंतही उतरते. त्यात २.६५ घनतेची गारगोटी चिकटलेली असेल तर अख्ख्या दगडाच्या मोजमापाला अर्थ नाही.

पायराइट निघालं तरी दगड फेकू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. जमिनीखाली खोलवर, काहीशे अंश तापलेल्या पाण्यात सोनं बहुतेकदा गंधकाच्या संयुगाच्या रूपात विरघळून वाहतं. वाटेत लोहयुक्त खडक लागला की त्यातलं लोह गंधक ओढून घेतं आणि पायराइट तयार होतं. गंधकाची साथ सुटलेलं सोनं तिथेच साचतं. भेगेत दाब एकदम घटून पाणी उकळलं तरी गंधक वायूबरोबर निघून जातो आणि सोनं मागे राहतं. म्हणून ही दोन्ही खनिजं एकाच शिरेत सापडतात. कधीकधी तर सोनं पायराइटच्या आतच इतकं बारीक असतं की भिंगालाही दिसत नाही. ते शोधायला प्रयोगशाळेत दगडाची पूड शिशाच्या ऑक्साइडसोबत वितळवतात. तयार झालेलं शिसं सोनं गोळा करतं, मग शिसं काढून उरलेला मणी तपासतात. तुमच्या कणांवर सुईने खळगा पडला तर भिंगातून काढलेला फोटो इथे टाका, कडांवरून पुढचं सांगता येईल.