विषकन्या कोण आणि विष कोणाला?

विचारणा अशी आहे : हिचकॉकच्या 'नोटोरियस' (१९४६) या चित्रपटाबद्दल लिहिताना कुणीतरी नायिका अ‍ॅलिशियाला 'विषकन्या' म्हटलं आहे आणि तिच्या निष्ठेला 'दुटप्पी'. 'फाम फाताल'ला, म्हणजे पुरुषाला मोहात पाडून त्याचा घात करणाऱ्या स्त्रीला, विषकन्या म्हणावं का, आणि दुटप्पी हा शब्द इथे बसतो का?

आधी विषकन्या. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात नंदांचा अमात्य राक्षस याने चंद्रगुप्तासाठी विषकन्या योजली, चाणक्याने ती चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्याकडे वळवली आणि पर्वतक मेला. त्या मुलीला काय वाटलं, हे कुणी विचारतच नाही. ती दुसऱ्याच्या हातातलं शस्त्र. अ‍ॅलिशियालाही असंच पाठवलं जातं. बाप जर्मनांचा हेर म्हणून शिक्षा झालेला, म्हणून अमेरिकेचे गुप्तहेर तिला रिओत सेबास्टियन या नाझी गटातल्या माणसाच्या घरात शिरायला सांगतात. इथवर शब्द जुळतो. पण पुढे कॉफीतून थोडं थोडं विष दिलं जातं ते तिलाच, सेबास्टियन आणि त्याच्या आईकडून! जिच्या पेल्यात विष आहे तिला विषकन्या म्हणणं मला खटकतं.

शिवाय 'फाताल'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'दैव' आहे, विष नव्हे. त्यापेक्षा आपली मोहिनी जवळची. असुरांच्या पंक्तीत अमृताचा कलश घेऊन वावरायचं आणि काम मात्र देवांचं करायचं. (अमृतवाटप नेवाशाला झालं असं आपल्याकडे मानतात, तिथलं मोहिनीराजाचं देऊळ जरूर पाहा.) फक्त मोहिनीच्या मनात दुमत नव्हतं. अ‍ॅलिशियाच्या आहे.

आता दुटप्पी. इथे एक, तिथे एक बोलून दोन्हीकडून फायदा उपटणारा तो दुटप्पी. 'दोन्ही डगरींवर हात' यातही तीच सोय पाहण्याची वृत्ती. अ‍ॅलिशियाला फायदा कसलाच नाही. तिला फितूरही म्हणता येणार नाही. हा शब्द हिंदीत डोक्यातलं खूळ झाला, मराठीत मात्र बखरीतल्या किल्लेदारापासून आजच्या कोर्टातल्या 'साक्षीदार फितूर झाला'पर्यंत त्याचा अर्थ पक्का आहे : आपली बाजू सोडून पलीकडे जाणं. फितूर तिचा बाप. तिची देशाबद्दलची निष्ठा ढळलेली नाही, तिने बापाला सुनावलेले बोल गुप्तहेरांकडच्या ध्वनिमुद्रिकेवर आहेतच.

फाटाफूट आहे ती वेगळीच. कामावरची निष्ठा, ते काम सोपवणाऱ्या डेव्हलिन या गुप्तहेरावरचं प्रेम आणि सेबास्टियनचा विश्वास, अशा तीन बाजू. सेबास्टियन तिच्यावर खरंच जीव टाकतो, हे विसरू नये. मेजवानीआधी तो तिचे दोन्ही हात हातात घेतो. एका मुठीत त्याच्याच तळघराची चोरलेली किल्ली आहे. तो ती मूठ उघडणार, तोच ती त्याच्या गळ्यात पडते, पाठीमागे किल्ली खाली टाकते आणि पायाने सरकवून दडवते.

यासाठी मी 'निष्ठांची ओढाताण' लिहीन. 'दुहेरी निष्ठा' नको, त्यात दोन्हीकडे सुखाने नांदत असल्याचा भास होतो. ओढाताणीत माणूस मधे असतो आणि त्याला दुखतं. बोलताना 'कात्रीत सापडलेली' म्हणा, तेही चालेल.